कंबरदुखी: विश्रांती किती घ्यावी आणि फिजिओथेरपिस्टकडे केव्हा जावे?

शोधक

नमस्कार. माझे वय ४४ वर्षे असून दिवसाचे आठ-नऊ तास मी संगणकासमोर बसून काम करतो. पाच आठवड्यांपूर्वी जमिनीवर ठेवलेले पुस्तकांचे खोके उचलताना कमरेत अशी चमक भरली की सरळ उभे राहता येईना. पहिले तीन दिवस कूस बदलणेही कठीण होते. त्यानंतर दुखणे हळूहळू उतरत गेले, पण ते अजून पूर्ण थांबलेले नाही. अर्धा-पाऊण तास बसलो की कंबर धरते, खुर्चीतून उठल्यावर पहिली काही पावले वाकूनच टाकावी लागतात, आणि कधीकधी उजव्या नितंबापासून मांडीच्या मागच्या बाजूपर्यंत ओढ लागल्यासारखे वाटते. गुडघ्याच्या खाली काहीही जाणवत नाही.

डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि ‘फिजिओथेरपी करून पाहा’ असे सुचवले. माझ्याच आग्रहावरून एमआरआयही झाला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती झिजली असून तिला फुगवटा आला आहे, असे त्याच्या अहवालात लिहिले आहे. हा अहवाल वाचल्यापासून दुखणे कमी होत असले तरी माझी भीती मात्र वाढली आहे. बुटाची नाडी बांधायलाही मी वाकत नाही आणि चार वर्षांच्या मुलीला उचलणे पूर्ण बंद केले आहे.

घरातले वडीलधारे सहा आठवडे अंथरुणावर पडून राहा आणि पट्टा बांधा असे सांगतात, तर एक सहकारी ताबडतोब व्यायाम सुरू करा म्हणतो. एका उपचार केंद्रात मी एकदा जाऊनही आलो. तेथे वीस मिनिटे शेक आणि विजेच्या यंत्राचा प्रवाह दिला, परंतु मी वाकतो कसा, चालतो कसा हे कोणी पाहिले नाही, म्हणून मी पुन्हा गेलो नाही. फिजिओथेरपीची खरी गरज नेमकी केव्हा असते? हालचाल केल्याने ती चकती आणखी बाहेर येईल का? आणि उपचार योग्य दिशेने चालला आहे हे माझ्यासारख्या सामान्य माणसाने कसे ओळखावे?

हालचाल

मी गेली सोळा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, परंतु तुमच्या प्रश्नांमागची जी भीती आहे तिच्याविषयी मी खात्रीने बोलू शकते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांशी पहिल्या दिवशी मला याच विषयावर बोलावे लागते.

सुरुवात अहवालापासून करू. आपल्याकडे ‘गादी सरकली’ असा शब्दप्रयोग रूढ आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मणक्यांमधली चकती ही दोन हाडांच्या मध्ये सुटी ठेवलेली वस्तू नव्हे. बाहेरून चिवट तंतूंची एकावर एक वलये, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, आणि वरच्या व खालच्या मणक्याशी घट्ट सांधलेली अशी तिची रचना असते, त्यामुळे ती सरकत नाही आणि पुन्हा जागेवर बसवावी लागत नाही. तिला फुगवटा येऊ शकतो, क्वचित बाहेरचे तंतू फाटून आतला गर बाहेर येऊ शकतो, आणि असा बाहेर आलेला गरदेखील शरीर अनेकदा काही महिन्यांत स्वतःच शोषून घेते. वाकल्यामुळे ती ‘आणखी बाहेर येईल’ अशी तुमच्या मनातली प्रतिमा या रचनेशी जुळत नाही.

आता फुगवट्याविषयी. कंबर कधीही न दुखलेल्या किंवा त्या वेळी न दुखणाऱ्या लोकांचेच एमआरआय काढून पाहिले तर काय दिसते, हे संशोधकांनी तपासले आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात ९८ वेदनारहित व्यक्तींपैकी ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, ज्यात तीन हजारांहून अधिक वेदनारहित व्यक्तींची नोंद होती. त्यात चकतीची झीज विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांमध्ये आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ९६ टक्क्यांमध्ये आढळली. म्हणजे तुमच्या अहवालातले शब्द चव्वेचाळीसाव्या वर्षी केस पांढरे होण्याइतके सर्वसाधारण असू शकतात. अहवाल खोटा नाही, पण तो एकटा तुमच्या दुखण्याचे कारण सिद्ध करत नाही. तुम्हाला जे जाणवते, तपासणीत जे आढळते आणि चित्रात जे दिसते, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत असतील तरच त्या चित्राला महत्त्व येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये वेदनेचे एकच एक नेमके कारण ठामपणे दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा मुळीच नाही. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमधले लहान सांधे आणि चकती या सर्वांना वेदना पोहोचवणाऱ्या नसा इतक्या एकमेकींत गुंतलेल्या असतात की त्यांतले नेमके कोण दुखावले आहे हे बाहेरून वेगळे करता येत नाही. शिवाय दुखऱ्या भागाचे रक्षण करण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आवळले जातात आणि आपण ज्याला उसण भरणे म्हणतो त्यातली पुष्कळशी वेदना या आवळण्याचीच असते. वेदनेची तीव्रता आणि इजेचे प्रमाण यांचा मेळ कमरेच्या बाबतीत फार कमी वेळा बसतो, ही गोष्ट समजली की अर्धी भीती ओसरते.

विश्रांतीविषयी घरच्यांचे मत प्रेमापोटी आहे, परंतु ते जुने आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेला, हेलसिंकी शहरातल्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांचे तीन गट केले गेले. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला वेदना सोसेल तितपत आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत चांगली सुधारणा तिसऱ्या गटात दिसली आणि सर्वांत सावकाश बरे झाले ते पडून राहिलेले लोक. यातून तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्यालाही मर्यादा पडते, कारण पहिल्या काही दिवसांत घाईने व्यायाम सुरू केल्याने फार मोठा फायदा होतो असे नाही. त्या काळात थोडे चालणे, स्थिती बदलत राहणे, हवा असल्यास शेक घेणे आणि धीर धरणे एवढे बहुतेकांना पुरते.

मग फिजिओथेरपी केव्हा? माझे उत्तर असे आहे की दिवस मोजण्यापेक्षा दिशा पाहावी. दुखणे दर आठवड्याला थोडे थोडे उतरत असेल आणि बंद पडलेल्या हालचाली परत येत असतील, तर वाट पाहण्यात धोका नाही. परंतु दोन ते चार आठवड्यांनंतरही सुधारणा एका जागी थांबली असेल, दुखणे पायात उतरू लागले असेल, हेच दुखणे वर्षातून पुन्हा पुन्हा उलटत असेल, किंवा वेदना कमी होऊनही माणूस भीतीने हालचाली टाळू लागला असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्याची हीच वेळ असते. तुमच्या बाबतीत शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुखणे बारा आठवड्यांहून अधिक टिकले की त्याला दीर्घकालीन म्हणतात आणि तेथपर्यंत पोहोचलेल्या कमरेला परत आणणे अधिक वेळखाऊ असते, म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात मदत घेणे मला शहाणपणाचे वाटते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती असताना फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जननेंद्रियांच्या आणि गुदद्वाराच्या आसपासची, म्हणजे खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तेथली संवेदना बधिर होणे, दोन्ही पायांत एकदम कळा किंवा अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबल्याची ती खूण असू शकते आणि तेथे उशीर झाल्यास नुकसान कायमचे राहू शकते. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, पडण्याचा किंवा अपघाताचा मार, आणि कोणत्याही स्थितीत न उतरणारी रात्रीची वेदना असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सारे. तुमच्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही, हे मुद्दाम लिहिते.

तुम्ही सांगितलेल्या केंद्राविषयी एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णाला समजावून सांगणे आणि व्यायाम यांना स्थान आहे, तर कंबर खेचून ताण देण्याचे यंत्र, उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या ध्वनिलहरी (अल्ट्रासाउंड) आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे. शेकाने बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही, परंतु तोच संपूर्ण उपचार असू शकत नाही. चांगल्या पहिल्या भेटीत तुमचे बोलणे नीट ऐकून घेतले जाते, वरची धोक्याची लक्षणे एकेक करून विचारली जातात, तुम्हाला वाकायला, मागे झुकायला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगितले जाते, पायांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या जातात. बाहेर पडताना आपल्याला काय झाले असावे, घरी काय करायचे आणि किती दिवसांत किती फरक अपेक्षित आहे, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

निशिगंध

वरच्या प्रतिसादात वेदना आणि इजा यांचा मेळ बसत नाही असे म्हटले आहे. त्याची दुसरी बाजू मी अनुभवली आहे, म्हणून लिहिते.

मला तीन वर्षांपूर्वी सायटिका, म्हणजे कमरेतली नस दुखावून पायात उतरणारी कळ, झाली होती. कमरेपेक्षा डावा पाय जास्त दुखत असे. नितंबापासून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ जाई आणि खोकले किंवा शिंकले तरी ती वाढे. सातव्या आठवड्यात ती कळ अचानक बरीच कमी झाली आणि घरात सर्वांना हायसे वाटले. मात्र त्याच आठवड्यात माझी डाव्या पायातली चप्पल चालताना आपोआप निसटू लागली. जिना चढताना पायाचा पुढचा भाग पायरीला अडखळे. मी ते चपलेवर ढकलले. नियमित तपासणीत माझ्या फिजिओथेरपिस्टने अंगठा वर उचलायला सांगितला तेव्हा तो उचललाच गेला नाही. त्यांनी त्या दिवशी व्यायाम थांबवला, पत्र लिहून दिले आणि दुसऱ्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले.

माझी शस्त्रक्रिया झाली आणि पुढे कित्येक महिने पावलाची ताकद परत आणण्यासाठी फिजिओथेरपीच करावी लागली. म्हणून सांगते, वेदना उतरली आणि त्याच वेळी ताकद गेली तर ती सुधारणा समजू नये. नस दुखायची थांबली याचा अर्थ ती मोकळी झाली असाच होतो असे नाही.

अर्थात पायात कळ आली म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते असा समज कोणी करून घेऊ नये. माझ्या शल्यचिकित्सकांनीच मला नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाविषयी सांगितले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया केली आणि काहींना आधी वाट पाहण्यास सांगितले. शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लवकर कमी झाली, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, पण उरलेल्यांची ती टळली. मला थांबता आले नाही ते वेदनेमुळे नव्हे, पाऊल उचलले जात नव्हते म्हणून.

औदुंबर

एक वेगळा प्रकार येथे नोंदवून ठेवतो, कारण तो ओळखायला आमच्या घरी चार वर्षे लागली.

माझ्या धाकट्या भावाची कंबर सव्विसाव्या वर्षी दुखू लागली. काही उचलले नाही, पडला नाही, दुखणे नकळत सुरू झाले. सकाळी उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी ताठ असे, पहाटे तीन-चारच्या सुमारास वेदनेने जाग येई, आणि विशेष म्हणजे विश्रांतीने ते वाढे व हिंडल्या-फिरल्यावर कमी होई. वय तरुण असल्यामुळे प्रत्येकाने स्नायूंचे दुखणे म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी एका फिजिओथेरपिस्टनेच त्याला सकाळच्या ताठरपणाविषयी खोदून विचारले आणि संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. निदान मणक्यांच्या दाहक संधिवाताचे निघाले. त्यावर स्वतंत्र औषधे असतात आणि व्यायाम त्यांच्या जोडीला आयुष्यभर करावा लागतो. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी आणि विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारावा.

पाऊलवाट

औदुंबर यांच्या अनुभवाला जोडून. माझी आई ७२ वर्षांची आहे. पाण्याने अर्धी भरलेली बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि आम्ही तिला सरळ व्यायामासाठी घेऊन गेलो. तेथील बाईंनी तिचे वय, कळ येण्याची रीत आणि गेल्या काही वर्षांत तिची उंची कमी झाली आहे का, एवढे विचारले आणि एक्स-रे काढून आणेपर्यंत पाठीला हात लावण्यास नकार दिला. ठिसूळ झालेला मणका खरोखरच दबला होता. उपचार न करता परत पाठवल्याचा त्या दिवशी मला राग आला होता, आज मी त्यांची ऋणी आहे.

शोधक

सर्वांचे मनापासून आभार. निशिगंध यांचा प्रतिसाद वाचून मी लगेच टाचांवर आणि चवड्यांवर चालून पाहिले. दोन्ही पाय सारखेच वाटले, तरीही तपासून घेईन. एक गोष्ट लक्षात आली आहे. सुरुवातीला ओढ पोटरीच्या वरच्या भागापर्यंत जात असे, आता ती मांडीच्या मध्यापर्यंतच येते, मात्र कंबर तेवढीच किंवा किंचित जास्त दुखते. हे वाईट लक्षण आहे का? आणि मुलीला पुन्हा केव्हा उचलता येईल, याचे उत्तर कोणी देऊ शकेल का?

हालचाल

तुम्ही जे वर्णन केले आहे ते वाईट नाही, बहुधा चांगले आहे. पायात उतरलेली वेदना मागे सरकत कमरेच्या मध्याकडे गोळा होऊ लागली, तर कमरेतले दुखणे तात्पुरते वाढले तरी ती सुधारणेची खूण मानली जाते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी या निरीक्षणावर संपूर्ण तपासणीपद्धती उभारली. कोणत्या दिशेने हालचाल केली असता वेदना मागे सरकते हे शोधायचे, आणि तीच हालचाल दिवसातून अनेकदा करायला द्यायची, असा तिचा गाभा आहे. बऱ्याच लोकांना पालथे झोपून कोपरांवर छाती उचलल्याने असा आराम पडतो, पण सर्वांना नाही. काहींना, विशेषतः नसांचा मार्ग अरुंद झालेल्या वयस्कर माणसांना, पुढे वाकल्यानेच बरे वाटते. म्हणून कोणा दुसऱ्याला लागू पडलेला व्यायाम पाहून करू नका. नियम साधा ठेवा: व्यायामानंतर वेदना पायात खाली उतरली आणि तेथेच राहिली तर तो व्यायाम थांबवा, वेदना वर सरकली किंवा कमरेत थोडी जाणवून तासाभरात पूर्ववत झाली तर चालू ठेवा.

मुलीचे वजन बहुधा पंधरा-सोळा किलो असेल. तिला उचलणे हे उपचाराचे उद्दिष्ट म्हणूनच पहिल्या भेटीत सांगा, कारण ‘कंबर बरी करा’ यापेक्षा ते कितीतरी स्पष्ट आहे. माझ्याकडे असे कोणी आले तर मी आधी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला सांगते, मग टेबलाच्या उंचीवरून दोन-तीन किलोची पिशवी अंगाजवळ धरून उचलायला लावते, आणि दर आठवड्याला वजन थोडे वाढवत व उंची कमी करत जमिनीपर्यंत आणते. पाठ वाकलीच नाही पाहिजे असा आग्रह मी धरत नाही. वस्तू अंगाजवळ असणे, श्वास न कोंडणे आणि त्या वजनाची सवय असणे याला मी अधिक महत्त्व देते. पहाटे उठल्याउठल्या मात्र पहिला तासभर जड उचलणे आणि खूप वाकणे टाळा, कारण रात्रभर आडवे पडल्याने चकत्यांनी पाणी शोषलेले असते आणि त्या वेळी वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. मुलगी तोपर्यंत पलंगावर उभी राहून तुमच्या गळ्यात पडू शकते. तेथून उचलण्यापासून सुरुवात करता येईल.

बसण्याविषयी फार काटेकोर होऊ नका. आदर्श बैठक शोधण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने उठणे उपयोगाचे ठरते. आणि दुखणे थांबल्यावर चालणे सोडू नका. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला सांगितले होते. त्यांचे दुखणे पुन्हा उलटेपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे ज्याच्या आत निम्म्यांचे दुखणे उलटले तो काळ, २०८ दिवसांचा होता, तर मार्गदर्शन न मिळालेल्यांमध्ये तो ११२ दिवसांचा होता. तुम्ही आज किती मिनिटे वेदना न वाढता चालू शकता ते घड्याळ लावून पाहा आणि तो आकडा लिहून ठेवा. पहिल्या भेटीला जाताना एमआरआयच्या अहवालासोबत तो कागदही घेऊन जा.